दहा दिवसांचं मिशन आणि अकरावा दिवस

«ताई, सप्रेम सलाम. मी २३ वर्षांची आहे, सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची यंदा मी चिटणीस आहे. २० ते ३० मे आम्ही १८ जणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावी मिशन ट्रिपला निघालोय. सकाळी मुलांसाठी व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, एक दिवस आरोग्य तपासणी, शाळेची भिंत रंगवणं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर गाणी आणि साक्ष, म्हणजे आपापल्या विश्वासाचे अनुभव सांगणं, असा कार्यक्रम ठरलाय. पाळकसाहेबांच्या ओळखीचं एक ख्रिस्ती कुटुंब तिथं आहे. मूळ नगरकडचे, नवरा बर्फाच्या कारखान्यात कामाला. पावणेदोन लाख लागणार, त्यातले एक लाख जमलेत.

सगळे खुशीत आहेत. पण माझी आजी, जिनं जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं, ती म्हणाली, “तिथं तुमची वाट कोण बघतंय गं?” तेव्हापासून मला चैन नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, “बाटवायला चाललात का?” पप्पांना समुद्राची धास्ती. आणि आता मीच मागं सरले तर सगळे म्हणतील, हिचा विश्वास कमी पडला. जावं की नको? गावाचं नाव छापू नका.»

सलाम, पोरी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना हसू आलं, कारण ३५ वर्षांपूर्वी मीही अशाच एका जीपमध्ये कोंबून कोकणात उतरले होते. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडले. “पाळकसाहेबांच्या ओळखीचं एक ख्रिस्ती कुटुंब तिथं आहे.” एवढ्या लांब पत्रात त्या घराला तू दोन ओळी दिल्यास, आणि माझ्या लेखी सगळा प्रश्न त्या दोन ओळींत आहे.

३० मेच्या सकाळी तुम्ही एस्टीत बसून सोलापूरकडं निघाल. खिडकीतून हात हलवाल, दोघीतिघी रडतीलसुद्धा. त्याच सकाळी त्या घरातली बाई नळावर पाणी भरायला जाईल. किनाऱ्यावर तुम्ही काय गायलात, कुणाच्या पोराच्या हातात काय दिलंत, कुणाच्या सासूला काय बोललात, त्याचा सगळा जाब तिला द्यायचाय. तिचा नवरा ज्या बर्फाच्या कारखान्यात आहे, त्या कारखान्याचं गिऱ्हाईक म्हणजे तिथले होडीवाले. त्यांच्यातल्या चार जणांची कुरबूर झाली तर त्याची नोकरी राहील का? तुझ्या पत्रावरून दिसतंय की त्या बाईला कुणीही फोन करून विचारलेलं नाही. कार्यक्रम सोलापुरात बसून ठरला, भिंतीच्या रंगासकट.

म्हणून आजीच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोध. पाळकसाहेबांकडून नंबर घे आणि तू स्वतः त्या बाईशी बोल. नवऱ्याशी नको, तिच्याशी. “आम्ही येतोय” असं सांगू नकोस, “येऊ का?” असं विचार. आणि ती “या की” म्हणाली म्हणून लगेच फोन ठेवू नकोस. आपली माणसं पाळकांच्या नावानं आलेल्याला नाही म्हणत नाहीत. विचार, कधी येऊ, किती जण येऊ, काय करू, काय अजिबात करू नको. १८ हा आकडा ऐकून ती गप्प झाली तर ते उत्तर समज.

तारखेबद्दल तर मीच तुला सांगते. मे महिना सुट्टीचा, म्हणजे माणसं रिकामी, असा हिशेब आपण सोलापूरकरांनी केला. उन्हानं आपण दुपारी दारं लावून पडतो, तसं सगळं जगच पडत असेल असं आपल्याला वाटतं. कोकणात मेचा उत्तरार्ध म्हणजे आगोट. पावसाआधीची सगळी कामं तेव्हाच उरकायची असतात. कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी भरून ठेवायची. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, त्यामुळं शेवटच्या फेऱ्या मारून घ्यायची घाई असते, आणि मग होड्या वर ओढून शाकारायच्या. त्यात मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, आंब्याची गडबड. या धांदलीत १८ पाहुणे गिटार घेऊन उतरले तर गाव बिचारं हसून स्वागत करेल आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावेल.

आमचंही तेच झालं होतं, म्हणून सांगते. आम्ही बाहुल्यांचा खेळ बसवला होता, बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा. सहा आठवडे तालीम केली होती. गावात पोचलो, पडदा बांधला, संध्याकाळी पाचची वेळ लावली. एक माणूस आलं नाही. एक कुत्रं आलं. मी इतकी चिडले की विचारू नकोस, “या लोकांची मनं कठीण आहेत” असं प्रार्थनेत मोठ्यानं बोलले. पाच वाजता होड्या लागतात आणि वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. अख्खं गाव, बाया-बापे-पोरं, तिथं होतं. एका म्हातारीनं मला पडद्याशी एकटी बसलेली बघितलं, हाताला धरून घरी नेलं, भात आणि कोलंबीचं कालवण वाढलं आणि विचारलं, “तुमच्याकडं समुद्र नाय, मग तुम्ही खाता काय?” मी तिला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी समजावून सांगितली. त्या दहा दिवसांतलं माझं सगळ्यांत खरं संभाषण तेच.

आणि ती भिंत. आम्हीही शाळा रंगवली होती, तुमच्यासारखीच. चुना कालवायचा कसा ते कुणाला धड ठाऊक नव्हतं, पहिल्या पावसात अर्धा रंग ओघळला. हे नंतर पत्रातून कळलं. त्याच पत्रातून हेही कळलं की गावात एक रंगारी होता आणि दरवर्षी मेमध्ये शाळेचं काम त्यालाच मिळायचं. त्याची आठ दिवसांची मजुरी आम्ही प्रेमानं खाल्ली. ते कुणी तोंडावर बोललं नाही. तुमच्या पावणेदोन लाखांत रंगाचे पैसे असतील, तर रंग आणि मजुरी दोन्ही गावातल्या माणसाला द्या आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं लावा, तो घेत असेल तर.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडं येते. तिच्यावर रागावू नकोस. तिनं तोंडावर विचारलं, गावात हाच प्रश्न पाठीमागं विचारला जाईल. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. विश्वास सांगता येतो, लादता येत नाही, आणि आमिष दाखवून तर नाहीच. निघण्याआधी मंडळीतल्या एखाद्या वकिलाला कार्यक्रमाचा कागद दाखवा. मंडळीच्या ओळखीनं कुणी परदेशी पाहुणा बरोबर येणार असेल तर त्याचा व्हिसा कसला आहे तेही बघा, पर्यटक व्हिसावर धर्मप्रसार चालत नाही.

पण कायद्याच्याही अलीकडं एक गोष्ट आहे, तिचं मला जास्त वाटतं. आरोग्य तपासणी म्हणून बोलवायचं आणि रक्तदाब मोजता मोजता प्रवचन सुरू करायचं, हे मला पटत नाही. ते खोटं आहे, मग प्रवचन कितीही खरं असो. ज्या बाईची साखर वाढलीय ती उठून जाऊ शकत नाही, तिला गोळी हवी असते. तुम्ही ख्रिस्ती आहात हे पहिल्या दिवशी सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सरळ सांगा, कशासाठी आलात तेही सांगा, कागदावर लिहून द्या. कुणी विचारलं तुमचा देव कोण, तर लाजू नका, मनापासून सांगा. कुणी विचारलं नाही, तर त्याच्या होडीचं विचारा.

आरोग्य तपासणी खरंच करायची असेल तर एका दिवसाचं शिबिर हा सगळ्यांत कमी उपयोगाचा प्रकार आहे. हे तुझी आजी माझ्यापेक्षा नीट सांगेल. रक्तदाबाची दहा दिवसांची गोळी देऊन कुणाचं काय भलं होणार? अकराव्या दिवशी काय? तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी पत्र लिहा. तुमच्यातल्या दोघी नर्सिंगच्या असतील तर आशाताईंबरोबर घरोघर फिरा, त्या म्हणतील तेवढंच करा, आणि नोंद त्यांच्या वहीत होऊ दे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या वाटणं तर सोडूनच द्या.

मुलांचं मला जास्त काळजीचं वाटतं. व्हीबीएसला पोरं येतील, धावत येतील, गाणी आणि बिस्किटं कुणाला नको असतात? किनाऱ्यावरच्या अशा गावांत कोळी, खारवी, भंडारी, मुसलमान अशी सगळी घरं असतात. एखादं सात वर्षांचं पोर गळ्यात क्रूस अडकवून घरी गेलं, बापानं बघितलं, पोरानं मार खाल्ला. तुम्ही तेव्हा एस्टीत. आईबापाला न विचारता कुठलंही पोर वर्गात बसवू नका. वचन पाठ केलं तर पेन्सिल, असला सौदा तर मुळीच नको. त्यापेक्षा खेळ घ्या, हस्तकला घ्या, आणि बायबलची गोष्ट सांगायची असेल तर ज्यांना ऐकायचीय त्यांना आईबापाच्या देखत सांगा. आणि फोटो! पोरांचे फोटो काढून वर “प्रभूच्या द्राक्षमळ्यात” असं लिहून टाकायचं, हे या वेळी करू नका. तू चिटणीस आहेस, तुझ्या अधिकारात आहे, पहिल्या दिवशी सगळ्यांना बजाव.

इथं थोडं विषयांतर करते, पण ते आपल्या गावचं आहे. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक तू बघितलं असशील, शाळेच्या सहलीत तरी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली सोलापुरात जन्मलेले. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते गेले. तेही ठरावीक मुदतीसाठीच. चौघं परत आले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. आपल्या धर्माचं ते मिशन नव्हतं, पण मिशन या शब्दाचा अर्थ मला कधी सांगायची वेळ आली की मी पोरांना त्या घराकडं बोट दाखवते. आता तू कोकणात जाऊन कायमची रहा असं मी म्हणत नाही, तुझ्या पप्पांना घेरी येईल. पण भाषा शिकले, एवढं तरी धर.

आणि भाषेचं म्हणशील तर ती गोष्ट तू जातेयस त्याच किनाऱ्याची आहे. स्कॉटिश मिशनरी १८२० च्या दशकात बाणकोट आणि हर्णैला आले होते. १८२९ साली जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट मुंबईत उतरल्यावर आधी हर्णैला गेले, कशाला? मराठी शिकायला. उपदेश नंतर. ज्यांच्या नावानं मुंबईत विल्सन कॉलेज आहे तेच हे. कित्येक महिने त्या माणसानं विद्यार्थी होऊन काढले. आपल्या सोलापुरातसुद्धा १८६० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनची माणसं आली तेव्हा ती दहा दिवसांचं तिकीट काढून आली नव्हती. त्यांच्या कित्येक गोष्टी मला पटत नाहीत, तो वेगळा लेख होईल. पण ज्यांनी आपली भाषा बोलायला घेतली, त्यांचीच नावं आपल्या आज्या अजून घेतात.

तुम्ही मराठीच आहात, तरी तिथली मराठी तुम्हाला येत नाही, हे आधी कबूल करा. मासळीला म्हावरं म्हणतात, ओहोटीला सुकती. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण, आणि अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं त्याला भांग. होडीचा म्होरक्या तांडेल. दहा दिवसांत प्रत्येकानं असे २५ शब्द वहीत लिहून आणायचे, आणि कुणाकडून शिकलो त्याचं नाव समोर लिहायचं, असा नेम करा. साक्षीच्या रात्री सोलापुरात तेच वाचून दाखवा. “इतक्या आत्म्यांना सुवार्ता सांगितली” या आकड्यापेक्षा मंडळीला ते ऐकायला आवडेल. निदान मला तरी.

पप्पांची धास्ती मात्र मी शंभर टक्के उचलून धरते. आपण विहिरीत पोहणारी माणसं. समुद्र शांत दिसतो तेव्हाच फसवतो, आणि ओहोटी सुरू झाली की पायाखालचं पाणी आत ओढतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तीही कॉलेजची, शहाणी, हसती-खेळती पोरं होती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते, काल सकाळी दहाला सुरक्षित होतं म्हणून आज असेल असं नाही. गावातल्या तांडेलानं “आता उतरा” म्हटल्याशिवाय कुणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि अंधारात किनाऱ्यावर प्रार्थना करायची असेल तर कोरड्या वाळूवर बसून. मुलींच्या राहण्याची सोय आधी कुणीतरी डोळ्यांनी बघून यावी. हे सगळं पप्पांना लिहून दे, ते निम्मे तरी शांत होतील.

पैशांचं थोडक्यात. काही लोक तुला म्हणतील, जाऊच नका, पावणेदोन लाख तिकडं पाठवून द्या. मला ते पूर्ण पटत नाही. पाठवलेल्या पैशानं तुला म्हातारीचं कालवण मिळत नाही, आणि तिला ज्वारीची भाकरी काय ते कळत नाही. पण देणगीदारांना खरं सांग, की आमची पोरं शिकायला चाललीत. पुस्तक छापल्यासारखी मोठी मोठी ध्येयं पावतीवर लिहू नका. आणि जेवढा खर्च होईल तो गावात होऊ दे. सोलापुराहून तांदूळ-डाळीची पोती नेऊ नका, तिथल्या दोन बायांना जेवण करायला सांगा आणि योग्य ते पैसे द्या. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूनं सत्तर जणांना पाठवलं तेव्हा थैलीसुद्धा घेऊ दिली नाही. एकाच घरी रहा, समोर येईल ते खा, घरोघर फिरू नका, असं सांगितलं. म्हणजे गेले ते रिकाम्या हातानं, पाहुणे म्हणून, वाढणाऱ्याच्या हाताकडं बघत. आपण मात्र पाहुणे म्हणून जातो आणि यजमानासारखे वागतो. त्या अध्यायाचा अभ्यास निघण्याआधी तरुण संघात घे, तूच घे.

म्हणून माझं मत असं. २० मेची तारीख रद्द कर. त्याआधी तू, पाळकसाहेब आणि आणखी एक-दोघं असे तीन-चार जण जाऊन या, दोन रात्री. भिंत नको, गिटार नको. त्या बाईच्या ओट्यावर बसा. तिला सवड असेल तेव्हाच बोला, नसेल तर तिचं पाणी भरा, लाकडं आत टाका. सरपंचांना भेटा, आशाताईंना भेटा. गावानं काही मागितलं तर तेच काम घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं त्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी झोपवल्या होत्या, घरांची छपरं उडवली होती. तेव्हा हातांची गरज होती आणि गावांनी ती बोलून दाखवली होती. आज कदाचित असं कुठलंच काम नसेल. कदाचित ती म्हणेल, दिवाळीनंतर या, पण सहाच जण या. कदाचित म्हणेल, माझ्या पोरीला दहावीचं गणित कुणी शिकवेल का, फोनवरून, वर्षभर? तू हिशेब बघतेस. ते तुला जमेल.

तारीख रद्द करायचं म्हटल्यावर बैठकीत काय होईल मला ठाऊक आहे. “देवानं दार उघडलंय, आणि तू बंद करतेस?” असं कुणीतरी म्हणेल, बहुतेक गिटारवाला. तू फक्त एवढंच विचार, “त्या बाईचा फोन कुणी लावलाय?” आणि गप्प बस. विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर आजीला बैठकीला घेऊन जा. पन्नास वर्षं रोग्यांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाईला विश्वासावर कोण बोलतंय बघू. एक लाख मंडळीच्या खात्यात राहू देत, देणगीदारांना चिठ्ठी लिहून कळवा की बेत पुढं गेलाय, ज्यांना परत हवेत त्यांना परत. फारसं कुणी मागणार नाही.

जाताना तिच्यासाठी काही न्यायचं असेल तर शेंगाचटणी ने, घट्ट झाकणाच्या डब्यात. कडक भाकरी नको. आम्ही दीडशे भाकऱ्या नेल्या होत्या, तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच सादळून चामड्यासारख्या झाल्या. म्हातारीनं एक तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाली, “बायो, तुमचे दात चांगले असतील.”

आजीला माझा सलाम सांग. आणि फोन लावलास की काय बोलली ती, ते मला कळव.

तुझी,
ताई